गार फरशीचा हिवाळा

यंदा खडकीत थंडी अशी पडली आहे की परवा सकाळी फिरायला निघालो तर नदीकडून आलेलं धुकं सोसायटीच्या फाटकातच अडून बसलं होतं. वॉचमननं ते काठीनं बाजूला सारलं तेव्हा कुठे मला रस्ता सापडला. खोटं वाटत असेल तर वॉचमनला विचारा. तो कालच गावी गेला, हे खरं. पण त्याला माझा इलाज नाही.

दिवाळीचा फराळ संपला की मी माळ्यावरची ट्रंक काढतो. डांबरगोळ्यांचा वास घरभर होतो. माझा स्वेटर, माझी माकडटोपी, पलंगावरची जाड रजई, आणि तळाशी शैलाचे लोकरी मोजे. मोजे मी दर वर्षी काढून तिच्या उशाशी ठेवतो आणि ती दर वर्षी ते उचलून परत ट्रंकेत टाकते. "राहू देत," एवढंच म्हणते. मग स्वयंपाकघरात जाते, चपला दाराशी काढते आणि अनवाणी पाय शहाबादी फरशीवर सपाट टेकवून चहा ठेवते. माझ्या नाकाचा शेंडा थंडीनं बधिर झालेला असतो आणि ही बाई फरशीवर अशी उभी, जशी एखादी बाई उन्हातून येऊन सावलीत उभी राहते.

ते पाहिलं की मी दमतो. अगदी सकाळी साडेसहाला, रात्रभर झोपून उठल्यावरसुद्धा दमतो. दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक हिवाळा अजून माझ्या अंगात मुक्काम करून आहे, तो अशा वेळी कूस बदलतो.

त्या वर्षी मी दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालो. छत्तीस वर्षं स्टोअरमध्ये काढली. तिथे मला लोक 'भागिले दहा' म्हणायचे. म्हणजे मी सांगितलं की साहेबांनी पन्नास माणसांसमोर माझी पाठ थोपटली, तर ऐकणारा मनातल्या मनात पाच माणसं धरायचा. कधीकधी साहेबही वजा करायचा. मला त्याचं वाईट वाटत नसे. गोष्ट आहे तेवढीच सांगायची तर देवानं माणसाला जीभ दिली कशाला?

शैला माझ्या अगदी उलट. शहरातल्या एका शाळेत भूगोल शिकवायची, उभ्यानं. वर्गात खुर्ची असे, पण ती डस्टर ठेवायला. बोलणं मोजकं, आणि त्या मोजक्यातलंही निम्मं गिळलेलं. एकदा तिचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, तेव्हा ती मला म्हणाली होती, "पोटात जरा आहे." जरा काय आहे, ते सर्जननं नंतर सांगितलं. त्यामुळे त्या वर्षी दिवाळीनंतर ती एके दिवशी शाळेतून आली आणि म्हणाली, "पाय जरा गरम वाटतायत," तेव्हाच मी घाबरायला हवं होतं. मी म्हणालो, "थंडीत पाय गरम? नशीबवान आहेस."

थंडी वाढत गेली आणि तिचे तळपाय तापत गेले. तिनं स्वतः हात लावला तर गारच लागायचे, हे विशेष. आग आतल्या आत होती. पांघरुणाचा काठ बोटांना लागला की ती पाय झटकन ओढून घ्यायची. मोज्यांचं तर नावच नको. अख्खं पुणं कानटोप्या घालून फिरत होतं आणि आमच्याकडे ही फरशीवर पाय टेकून बसलेली. बसली की दहा मिनिटांत तिला ती फरशी कोमट लागायची, मग ती पुढच्या फरशीवर सरकायची. सकाळी ओट्यापाशी चहा घ्यायला बसलेली बाई शाळेची वेळ होईपर्यंत दारापर्यंत पोचलेली असायची. ह्यात माझी भर काही नाही. मी फरशा मोजल्या होत्या, अकरा भरल्या.

मग दवाखाने सुरू झाले. साखर तपासली, ती नव्हती. जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली. एका मोठ्या डॉक्टरांनी पायाला तारा लावून, बारीक शॉक देऊन नसांची तपासणी केली. रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टर तो खिडकीकडे धरून म्हणाले, "नसा तर उत्तम आहेत. घरात काही टेन्शन?"

"हे घरी असतात हल्ली," शैला म्हणाली.

डॉक्टर हसले. मीही हसलो. त्या हसण्यात आमचे किती आठवडे वाहून गेले, ते तेव्हा समजलं नाही.

आमची चूक कशी व्हायची, ते सांगतो. दवाखान्यात जायच्या दिवशी शैला ठेवणीतली नारायणपेठी नेसायची. इस्त्रीची घडी मोडलेली चालत नसे. हलकीशी पावडर, केसांत पिन, हातात घड्याळ. मी एकदा म्हणालो, "अगं, डॉक्टरांकडे चाललोय, हळदीकुंकवाला नाही." तर म्हणाली, "मग? आजारी दिसायला जायचं का चारचौघांत?" आणि डॉक्टरांनी "कशा आहात?" विचारलं की शाळेच्या इन्स्पेक्टरला सांगावं तशा सुरात सांगायची, "बरी आहे." तिच्या मते तो प्रश्न नव्हताच. तो नमस्कार होता, आणि नमस्काराला नमस्कार करायचा असतो.

मग मी तोंड उघडायचो. "बरी कसली, डॉक्टर! भट्टी आहे भट्टी! हिच्या पायाशी उभं राहिलं तर माझ्या पँटची इस्त्री होते!" डॉक्टर माझ्याकडे बघायचे, मग त्या नारायणपेठीकडे बघायचे, आणि कागदावर झोपेची गोळी लिहायचे. तिच्यासाठी लिहीत की माझ्यासाठी, कोण जाणे.

कॉरिडॉरमधली ती बाकं मला अजून पाठ आहेत. फिनेलचा वास, टोकन नंबराचा पुकारा, समोरच्या भिंतीवर हसऱ्या बाळाचं कॅलेंडर. माझ्यासारखा माणूस पाच मिनिटांत शेजाऱ्याशी बोलायला लागतो आणि दहा मिनिटांत त्याला चीनच्या युद्धात नेऊन आणतो. त्या हिवाळ्यात मात्र मी बाकावर गप्प बसायला शिकलो. शहाणपण आलं म्हणून नाही, दमलो म्हणून. ज्याचं दुखतं तो दमतोच; पण शेजारी बसून नुसतं बघणाऱ्यालाही एक थकवा येतो, आणि तो बोलून दाखवायची सोय नसते. कुठल्या तोंडानं दाखवणार? तुझे पाय तर थंड आहेत!

चौथ्या की पाचव्या डॉक्टर एक बाई होत्या. वयानं आमची मुलगी शोभतील अशा, केबिन एवढंसं. मी नेहमीप्रमाणे भट्टीपासून सुरुवात केली. त्यांनी मला हातानं थांबवलं. त्या शैलाच्या मांडीवरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होत्या.

"तुम्ही दर वाक्यानंतर घोट घेताय."

"शिक्षिका आहे," शैला म्हणाली. "घसा सुकतो."

"आज सुट्टी आहे ना? बिस्कीट पाण्याशिवाय गिळता येतं?"

"पाण्याशिवाय कोण गिळतं?"

"सगळे गिळतात," डॉक्टर म्हणाल्या. "डोळ्यांत कचकचतं?"

"पुण्यात धूळ असतेच."

डॉक्टरांनी खणातून टीपकागदासारख्या दोन बारीक पट्ट्या काढल्या. एकेक पट्टी खालच्या पापणीत अडकवली आणि म्हणाल्या, डोळे मिटून पाच मिनिटं बसा. माणसाच्या डोळ्यात जेवढं पाणी असतं तेवढी पट्टी भिजते. मला बजावलं, बोलायचं नाही. मी श्वाससुद्धा हळू घेतला. पाच मिनिटांनी त्यांनी पट्ट्या काढून मापाला लावल्या. उजवी दोन मिलिमीटर भिजली होती, डावी त्याहून कमी.

तीस वर्षांच्या संसारात मी शैलाला रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता. चार माणसांत सांगायचो, आमची ही वाघीण आहे. त्या पट्ट्या बघितल्यावर पहिल्यांदा वाटलं, ती कधी रडायला बसलीही असेल, आणि पाणीच आलं नसेल.

पुढे रक्त तपासलं, खालच्या ओठाच्या आतून तांदळाएवढा तुकडा काढला, घोट्यावरच्या कातडीचा एक टिकलीएवढा तुकडा तपासायला पाठवला. रोगाचं नाव निघालं शोग्रेन. मला ते परदेशी पाहुण्याचं नाव वाटलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं: अंगाची राखण करणारी जी फौज असते, ती घरच्याच माणसांना शत्रू समजायला लागते. आधी तिनं थुंकी आणि आसवं करणाऱ्या ग्रंथी धरल्या, आता नसांची अगदी बारीक टोकं. शॉकच्या तपासणीत मोठ्या नसाच कळतात, म्हणून तो रिपोर्ट स्वच्छ आला. "ह्यांचं दुखणं मनाचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. शैलानं मान हलवली आणि पदर नीट केला. मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल. बाहेर आल्यावर म्हणाली, "चला, म्हणजे आहे," आणि रिक्षाला हात केला.

औषध म्हणजे एक गोळी आणि बरी झाली, असं नव्हतं. फौजेला आवरणारी औषधं वेगळी, नसांची आग कमी करणारी वेगळी. पहिली जोरकस आणि जोखमीची, ती एकदम द्यायची नसतात. म्हणून आधी स्टेरॉइडच्या थोड्या गोळ्या, आणि दुखण्यासाठी नसांवरची एक गोळी, ती हळूहळू वाढवायची. किती वाढवायची, ते ठरवायला डॉक्टरांनी एक वही करायला सांगितली. रोज संध्याकाळी एक आकडा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सोसतच नाही.

एव्हाना तिच्या बोटांची टोकंही चुरचुरायला लागली होती. पेन दाबून धरवत नव्हतं, डोळ्यांत वाळू. म्हणून वही मी लिहायची ठरलं. ह्याहून मोठी चूक आमच्या घरात झालेली नाही, आणि आमच्या घरात मी आहे.

पहिल्या संध्याकाळी विचारलं, "किती?"

"तीन."

मी तीन लिहिले. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी ती मोरीत गार पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती, ओठ दाबून, आणि तिथून म्हणाली, "तीन." मी वही मांडीवर घेऊन बसलो. अपेंडिक्स आठवलं. ज्या बाईचं 'जरा' म्हणजे ऑपरेशन, तिचे तीन म्हणजे किती? मी सात लिहिले. कोणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, मी फक्त तिच्या भाषेतून आपल्या भाषेत आणतोय. पुढे हात सैल सुटला. सात, आठ, सात, नऊ. एका रविवारी तर साडेनऊ. छत्तीस वर्षं सरकारी रजिस्टरात एक खिळा जास्त लिहिला नव्हता. इथे मात्र बेधडक लिहीत गेलो. तिला गोळी जास्त मिळावी, आग लवकर विझावी, एवढंच मनात होतं. एवढंच होतं का? बायकोच्या दुखण्याला वजन आलं की नवऱ्याच्या काळजीलाही थोडं येतं. तेही असेल.

पौषातल्या एका रविवारी वाघोलीला हुरड्याचं आमंत्रण आलं. कारखान्यातला माझा जोडीदार बाळासाहेब तिथला. त्याच्या शेताचे एव्हाना प्लॉट पडले होते, चारही बाजूंना इमारती, आणि मधोमध हौसेपुरती ठेवलेली अर्धा एकर ज्वारी. त्या ज्वारीला बिचारीला ऊनही बाल्कन्यांना विचारून घ्यावं लागे. आगटी पेटली, गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत जायला लागला, कणसं निखाऱ्यात गेली. बाळासाहेब तळहातावर कणीस चोळून गरम हुरडा पुढे करत होता, दही होतं, शेंगदाण्याची चटणी होती, आठ-दहा जुने दोस्त होते. आणि मी कितीतरी दिवसांनी माणसांत आलो होतो. शैला लांब, पाटाच्या कडेला, ओल्या मातीत पाय ठेवून बसली होती.

"वहिनी तिकडे का बसल्यात?" कोणीतरी विचारलं.

आणि मी सुटलो. "अरे, तिला इकडे आणली असती तर बाळ्यानं आगटी कशाला पेटवली असती? कणीस तिच्या तळपायाखाली धरायचं, दोन मिनिटांत हुरडा! गेल्या आठवड्यात गॅस संपला तर आम्ही पापड तिच्या पायावर भाजले!"

दोस्त असे हसले की आगटीतली राख उडाली. आणि खरं सांगतो, मला त्या हसण्यानं इतकं बरं वाटलं, इतकं हलकं वाटलं की विचारू नका. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचं दुखणं माझ्या ताब्यात आल्यासारखं वाटलं.

बाळासाहेबाची बायको कांताबाई ताट घेऊन उभी होती. ती हसली नाही. ताट ठेवून, कळशी घेऊन ती पाटाकडे गेली. दहा पावलांवर होत्या दोघी, सगळं ऐकू येत होतं.

"वैनी, पायाला लई जाळ हाय का ओ? हे म्हनत्यात, पापड भाजत्यात."

"हे म्हणतात ना? मग भाजत असतील."

"मस्करी नगा करू. वतू का पानी?"

शैलानं साडी घोट्यांवर घेतली. कांताबाई खाली बसली आणि कळशीतलं पाणी तिच्या पायांवर बारीक धारेनं ओतत राहिली. कळशी संपली तशी पुन्हा भरून आणली. मी इकडे पुढची गोष्ट सुरू केली होती.

परत येताना मी स्कूटर चालवत होतो आणि ती मागे, चपला पिशवीत घालून. खराडी ओलांडली. मग म्हणाली, "हुरडा छान होता."

सातांनी आणि नवांनी आपलं काम केलं. डॉक्टर वही बघायच्या, आकड्यांवर बोट फिरवायच्या, समोरच्या इस्त्रीच्या साडीकडे बघायच्या, कपाळाला आठी घालायच्या आणि गोळी वाढवायच्या. गोळी वाढली तशी शैला सकाळी उठून क्षणभर पलंगाची कड धरून बसायला लागली. एकदा बोळातून भिंतीला हात लावत चालताना मी तिला पाहिलं. विचारलं तर म्हणाली, "चष्मा नव्हता." मला खरं कळलं होतं. ते मी वहीत लिहिलं नाही. लिहिलं असतं तर डॉक्टरांनी गोळी कमी केली असती, आणि मग माझे सात उघडे पडले असते.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. सातवीच्या वर्गावर जाताना, आशिया खंडाचा गुंडाळलेला नकाशा काखेत घेऊन जिना चढताना तिला भोवळ आली होती. सात-आठ पायऱ्या ती गडगडत खाली आली होती. मी पोचलो तेव्हा ती ऑफिसातल्या बाकावर बसली होती, डावं मनगट विचित्र वळलेलं, साडीला खडूची धूळ. मला बघून तिनं विचारलं, "नकाशा फाटला नाही ना?"

फाटला नव्हता. मी ते शपथेवर सांगितलं, आणि मला जाणवलं की बऱ्याच दिवसांत मी तिला एवढं नेमकं काही सांगितलेलं नाही.

पुढच्या भेटीला हाताला प्लास्टर होतं, तरी नारायणपेठी होतीच. डॉक्टरांनी वही उघडली, बंद केली आणि टेबलावर ठेवली.

"साडेनऊ दुखणारा पेशंट असा चालत येत नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, वही फुगवलेली आहे. म्हणून मोठं औषध मी थांबवून ठेवलं, नुसती गोळी वाढवत राहिले. आता मला खरं सांगा. हे आकडे कोणाचे?"

"माझे," शैला म्हणाली. "तीन. रोज तीनच सांगते."

डॉक्टरांनी वही तिच्याकडे फिरवली. तिनं ती डोळ्यांजवळ धरली. पान उलटलं, अजून एक उलटलं. केबिनमधल्या पंख्याला थंडीत काम नव्हतं. तोही थांबून माझ्याकडे बघत होता.

"म्हणजे मी पडले, ते ह्यांच्या सातांवरून," ती म्हणाली.

मी काहीतरी बोलायला गेलो. भाषांतराचं, अपेंडिक्सचं.

डॉक्टर माझ्याकडे बघतही नव्हत्या. "आणि तुमचे तीन?" त्यांनी शैलाला विचारलं. "तीन खरे होते?"

ती प्लास्टरच्या कडेला आलेला सुताचा धागा ओढत राहिली. मग म्हणाली, "नऊ. कधी दहा."

"मग तीन का सांगितलेत?"

"हे लिहिणार होते ना." तिनं मान माझ्याकडे केली नाही. "ह्यांना नऊ सांगितले असते तर ह्यांनी गावभर नव्वद केले असते. दुखतं ते दुखतं. वर त्याचा तमाशा कशाला? माझे पाय आहेत हो ते. लोकांना हसवायला नाहीत."

आयुष्यभर मी जे काही वाढवून सांगितलं, त्यात पहिल्यांदाच माझा आकडा खऱ्यापेक्षा कमी भरला होता. सात लिहिले तेव्हा मी स्वतःला केवढा उदार समजलो होतो! आणि ती मात्र नऊ घेऊन मोरीत बसली होती, मला ते समजू नये म्हणून ओठ दाबून. घरात दुखतं म्हणायला तिला एक माणूस होता, आणि त्या माणसापासूनच तिला दुखणं लपवावं लागत होतं.

डॉक्टर रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी आकडे बंद केले. म्हणाल्या, "आजपासून तीन नाही आणि नऊ नाही. दिवसभरात काय करता आलं आणि काय नाही, तेवढं लिहा. पांघरूण कुठवर घेतलं, किती वेळ उभ्या होतात, चक्कर आली का. विशेषणं नकोत." शेवटचं माझ्याकडे बघून. भोवळ आणणारी गोळी कमी केली, बरोबर दुसरी दिली, आणि फौजेवरचं मोठं औषध सुरू करायचं ठरवलं. दर दिवशी सकाळी सलाईनमधून, ओळीनं पाच दिवस. आधीच सुरू झालं असतं तर? मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नसांची टोकं हळू वाढतात. गेलेलं सगळं परत येईल, असं मी सांगत नाही."

ती वही अजून आहे. माझ्या हातचं इतकं कोरडं लिहिणं दुसरं नाही. 'पांघरूण गुडघ्यापर्यंत. ओट्याशी बारा मिनिटं. चक्कर नाही. भाजी चिरली नाही.' असली चार वाक्यं लिहायला मला अर्धा तास लागायचा. एकदा 'पाय धगधगत होते' असं लिहिलं, तर तिनं म्हटलं, "धगधगत खोडा. गार पाण्यात तीनदा ठेवले, असं लिहा." मी खोडलं. खोडताना कळलं की तीनदा हे धगधगण्यापेक्षा भयंकर आहे.

ते पाच दिवस आम्ही एका लांबट हॉलमध्ये काढले. ओळीनं आरामखुर्च्या, प्रत्येकीशेजारी एक दांडी, तिला लटकलेली काचेची बाटली. थेंब पडताना मोजायची सवय लागते. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं इतकं दुखलं की तिनं डोळ्यांवर पदर घेतला. पाय तिनं उघड्या फरशीवर ठेवले होते. दवाखान्याची फरशी आमच्यापेक्षा गुळगुळीत आणि जास्त गार, एवढंच त्या जागेचं कौतुक तिनं केलं. मी थेंब मोजत राहिलो. शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मिसेसना काय होतं?" माझ्या जिभेवर चार गोष्टी एकदम आल्या. मी म्हणालो, "त्यांनाच विचारा." पदराआडून आवाज आला, "नसांचं आहे." गृहस्थ म्हणाले, "माझंही." आणि मग दोघं, एकमेकांकडे न बघता, कुठल्या चपला सोसतात ह्यावर अर्धा तास बोलत राहिले. तिला एवढं बोलताना मी वर्गाबाहेर प्रथमच ऐकत होतो.

ती बरी झाली का, असं लोक अजून विचारतात. फाटकाजवळच्या बाकावर सकाळचे आमचे दोस्त बसतात. औषधानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा एकानं विचारलं, "काय रे भागिले दहा, वहिनींचे पाय काय म्हणतात?" सगळे पुढे सरकून बसले, आता काहीतरी येणार म्हणून. मी म्हणालो, "दुखतात." ते वाट बघत राहिले. मी चपलेतला खडा काढला आणि घरी आलो. आजही तिच्याबद्दल मला बोलायला परवानगी आहे, पण अटीवर. हा लेखही मी तिला विचारून लिहितो आहे. ती म्हणाली, "पायांचं आहे तेवढंच लिहा. बाकी थंडीबिंडीच्या काय थापा मारायच्या त्या मारा." तेव्हा वॉचमनचं तेवढं सोडून द्या.

पुढच्या जूनमध्ये तिनं वर्गात खुर्चीवर बसून शिकवायला सुरुवात केली. डस्टर टेबलावर गेलं. उजव्या अंगठ्याला संवेदना कायमची नाही. थंडीत आग कमी-जास्त होते, गोळ्या चालू आहेत, डोळ्यांत दर दोन तासांनी थेंब. ह्याला बरं म्हणायचं की नाही, ह्याचा निकाल मी लावत नाही. रोज उठून त्याच आजाराशी तेच बोलणं करायचं, ह्यात एक कंटाळा असतो. आम्ही दोघं तो वाटून घेतो, वर्तमानपत्राच्या पुरवण्यांसारखा.

पण त्या हिवाळ्याच्या अखेरची एक दुपार सांगतो. महाशिवरात्र झाली होती, थंडीचा कणा मोडला होता. गच्चीत उन्हाला पापड-कुरडया घातलेल्या होत्या कोणाच्या तरी. शैला सतरंजीवर पाय लांब करून बसली होती. सलाईनला महिना झाला होता. मी शेजारी पेपर वाचत होतो, म्हणजे नुसता धरून बसलो होतो. त्या सबंध मोसमात तिच्या पायांना माझा हात लागला नव्हता. वाऱ्यानं पदर उडाला तरी तिला सोसत नव्हतं, तिथे माझ्या हाताचं काय.

"इकडे या," ती म्हणाली. "हात ठेवा बघू."

"कुठे?"

"पायावर. दाबू नका. नुसता ठेवा."

गच्चीवर कोणी नव्हतं, तरी मी आजूबाजूला पाहिलं. मग पेपर बाजूला ठेवून तिच्या डाव्या पावलावर हात टेकला. फुलपाखरू बसतं तसा, असं लिहिणार होतो. पण हात जड होता, तेच लिहितो. पाऊल गार होतं. अंगठ्याजवळची शीर हलताना लागली. तिनं डोळे मिटले.

"दुखतंय," ती म्हणाली.

मी चटका बसल्यासारखा हात उचलला.

"काढा म्हटलं का मी?"

"दुखतंय म्हणालीस ना."

"दुखतंय, म्हणून सांगितलं." तिनं डोळे उघडले नाहीत. "हात असू दे."